खुंबूच्या मणि-शिळा: मिठाच्या वाटेवरचे मंत्र

नेपाळमध्ये, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू या शेर्पांच्या मुलखात, लुक्ल्याहून फाकडिंगकडे जाताना वाटेत घाट हे गाव लागतं. तिथे घराएवढ्या खडकांवर तिबेटी लिपीतली पांढरी अक्षरं दिसायला लागतात. हे मणी, म्हणजे मंत्र कोरलेले दगड. गाइड बजावतो, ‘मणी उजव्या हाताला ठेवा.’ एव्हरेस्ट बेस कॅम्पला दर मोसमात महाराष्ट्रातून इतके लोक जातात, की हा नियम आपल्या ट्रेकर मंडळींच्या आता अंगवळणी पडलाय. दगड मात्र बहुतेकांच्या लेखी फोटोपुरतेच. बेस कॅम्पच्या वाटेवरची शोभा. वास्तविक ही वाट आणि तिच्यावर मंत्र कोरण्याची रीत, दोन्ही बेस कॅम्पच्या कितीतरी आधीच्या. एव्हरेस्टशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ही मिठाची, लोकरीची आणि धान्याची वाट होती.

दगडांवरचा मंत्र बहुतेक वेळा एकच असतो, ‘ओं मणि पद्मे हूँ’. अधूनमधून पद्मसंभव या बौद्ध गुरूंचा मंत्रही दिसतो. ‘ओं मणि’ हा षडक्षरी मंत्र अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा. मूळ संस्कृत, ‘कारण्डव्यूह’ या महायान सूत्रातून तिबेटात गेलेला. तिथे त्याचा उच्चार ‘ओम मानी पेमे हुंग’ असा झाला. सहा अक्षरं सहा योनींतल्या जीवांसाठी, म्हणून रंगही सहा: पांढरा, हिरवा, पिवळा, निळा, तांबडा आणि काळा. खुंबूतल्या मोठ्या खडकांवर इतका थाट नसतो. तिथे अक्षराभोवतालचा दगड छिन्नीने उतरवून अक्षर उठावात आणतात, ते पांढऱ्याने रंगवतात आणि मागची पाटी काळी ठेवतात. जवळ जाऊन पाहिलं तर एकेका अक्षराची कड बोटभर उचललेली असते. अशा कठीण दगडात हे काम किती दिवसांचं असेल, याचा अंदाज कड चाचपल्याशिवाय येत नाही. कोरणारा वेगळा, कोरून घेणारा वेगळा. घरात कोणी गेलं की त्याच्या नावाने शिळा कोरून घ्यायची, पुण्य गेलेल्याच्या वाट्याला. जाणारा-येणारा शिळेला वळसा घालून गेला की त्यालाही थोडं मिळतं.

मंत्र अवलोकितेश्वराचाच का, याचं उत्तर शोधायला आपल्याला खुंबूपर्यंत जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. आग, तलवार उगारलेला लुटारू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, उधळलेला हत्ती आणि मृत्यू अशी ही आठ भयं. काम सहाव्या शतकातलं. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही असाच पट आहे. व्यापारी तांडे आणि गलबतं यांच्या जगातली ही भयं आहेत; घरी बसलेल्या माणसाला जहाज बुडण्याची भीती कशाला वाटेल? दख्खनच्या व्यापारी वाटांवर ज्याला हाक मारली जायची, त्याचंच नाव तिकडे बर्फातल्या वाटेवर कोरलेलं आहे. वाटसरूंचा राखणदार म्हणून त्याचा लौकिक इतका जुना आहे.

शेर्पा मूळचे पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातले. साधारण पाचशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज पश्चिमेकडे सरकत आले आणि नांगपा ला ही सुमारे ५,७०० मीटर उंचीची हिमखिंड ओलांडून खुंबूत उतरले. मंत्र कोरून दगड रचायची रीत त्यांनी सोबतच आणली असणार. खाममध्ये तिचं प्रस्थ केवढं, हे पाहायचं तर आजच्या चीनमधल्या यूशूजवळची ग्यानक मणी ही मणि-दगडांची रास पाहावी. १७१५ साली एका लामाने ती रास सुरू केली. आज तिथे दोनशे कोटी दगड असल्याचं सांगतात. मोजले कोणी, देव जाणे! सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यातले दगड ढिगाने उचलून बांधकामात घातले गेले आणि पुढे लोकांनी रास पुन्हा रचली.

खुंबूत आलेल्यांना ही दरी परकी वाटली नाही, याला श्रद्धेचंही कारण होतं. आठव्या शतकातल्या पद्मसंभवांनी, म्हणजे गुरू रिंपोचेंनी, अडीअडचणीच्या काळासाठी हिमालयात काही दऱ्या लपवून ठेवल्या, असं मानतात. अशा दरीला बेयुल म्हणतात आणि खुंबू त्यांतलं एक. बेयुलमध्ये जीव मारायचा नाही. खुमजुंग गावाच्या डोक्यावरचं ५,७६१ मीटरचं खुंबिला शिखर हे या मुलखाचं दैवत, म्हणून त्यावर चढायचं नाही. एव्हरेस्टवर शेकड्यांनी माणसं जातात आणि त्याच्या सुमारे दोन तृतीयांश उंचीच्या या डोंगराकडे कोणी फिरकत नाही, हे मला त्या भागातलं सगळ्यात बोलकं दृश्य वाटतं.

खुंबूतला सर्वांत जुना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ-मंदिर, पांगबोचे गावचा, सतराव्या शतकातला, लामा सांग्वा दोर्जे यांच्या नावाशी जोडलेला. लामांनी केस कापून टाकले आणि त्यांतून गोम्प्याभोवतीचे धुपीचे (जुनिपरचे) वृक्ष उगवले, अशी कथा आहे. त्यामुळे त्या झाडांना कोणी कुऱ्हाड लावत नाही. (याच गोम्प्यात यतीचा, म्हणजे हिममानवाचा, म्हणून एक हात ठेवला होता. तो १९९१मध्ये चोरीला गेला.)

त्या काळचे गोम्पे गावापुरते, लामाही संसारी. ब्रह्मचारी भिक्खूंचा विहार यायला १९१६ उजाडावं लागलं. तिबेटच्या बाजूच्या रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांच्या प्रेरणेने लामा गुलूंनी ३,८६७ मीटरवर तेंगबोचे उभारलं. पैसा आला तो व्यापारातून. तिबेटचं मीठ आणि लोकर खाली, नेपाळचं धान्य वर. मध्ये नामचे ही बाजारपेठ आणि नांगपा ला. १९५३पासून शेर्पांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी याला आणखी एक कारण जोडलं: बटाटा. एकोणिसाव्या शतकात बटाटा खुंबूत आला, पोटापुरतं पिकवून वर शिल्लक राहू लागली आणि ती गोम्पे, छोर्तेन (तिबेटी धाटणीचे स्तूप), मणि-भिंती यांत गेली, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर वाद घातला आहे. एकटा बटाटा एवढं करेल असं मलाही वाटत नाही, पण शिलकीशिवाय दगड कोरला जात नाही हे खरंच.

तेंगबोचे १९३४च्या भूकंपात कोसळलं, पुन्हा बांधलं. जानेवारी १९८९मध्ये जळालं, तेव्हा विहारात वीज नुकतीच आली होती आणि आगही तिच्यामुळेच लागली. १९९३पर्यंत ते पुन्हा उभं राहिलं.

दरम्यान वाटेचं कामच बदललं. १९५०मध्ये हूस्टन आणि टिलमन या गिर्यारोहकांची तुकडी खुंबूत पोचली, तोवर पाश्चात्त्यांनी हा भाग आतून पाहिला नव्हता. १९५९नंतर तिबेटची सीमा आवळली गेली आणि नांगपा ला वरचा व्यापार आटत गेला. १९६४मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींच्या पुढाकाराने लुक्ल्याची धावपट्टी झाली, त्याच वर्षी जिमी रॉबर्ट्स यांनी काठमांडूत ट्रेकिंगची कंपनी काढली. मिठाचे सौदे करणाऱ्यांची पुढची पिढी लॉज चालवू लागली. १९७६मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान, १९७९मध्ये जागतिक वारसा; आणि व्यापाऱ्याच्या जागी पाहुणा.

नव्या काळाने आपले दगडही रचले. बेस कॅम्पच्या वाटेवर थुक्ल्याचा चढ संपतो तिथे एव्हरेस्टवर मरण पावलेल्यांचे छोर्तेन आहेत; १९९६मध्ये मरण पावलेले स्कॉट फिशर, २००१मध्ये गेलेले बाबू छिरी शेर्पा अशी नावं तिथे वाचायला मिळतात. मृतासाठी दगड रचण्याची रीत जुनीच, फक्त आता दगडावर मंत्राबरोबर पासपोर्टवरचं नाव आणि देशही आला.

लांब मणि-भिंतीपाशी वाट दुभंगते. चढणाराही आपल्या डावीकडून, उतरणाराही आपल्या डावीकडून, त्यामुळे भिंत दोघांच्याही उजव्या हाताला राहते आणि समोरासमोर गर्दी होत नाही. खेचरांच्या तांड्यांना मात्र हा नियम कोण शिकवणार? अरुंद जागी तांडा समोरून आला, की मणी कुठल्या हाताला आहे हे विसरून डोंगराच्या कडेला सरकायचं, दरीच्या कडेला थांबायचं नाही. हेही तोच गाइड सांगतो.