व्हेर्दीच्या पत्रापासून गोब्बीच्या तबकड्यांपर्यंत

ऑगस्ट 1953 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचं ध्वनिमुद्रण झालं. तोस्का होती मारिया कालास, तिचा प्रियकर चित्रकार काव्हारादोस्सी होता जुझेप्पे दि स्तेफानो, आणि रोमचा क्रूर पोलीसप्रमुख बॅरन स्कार्पिया होता तीतो गोब्बी. वाद्यवृंदाचं संचालन व्हिक्तोर दे साबाताचं. आज सत्तर वर्षं उलटून गेली, तरी ‘तोस्का’चं नवं ध्वनिमुद्रण आलं की जाणकार ते आधी याच्याशेजारी ठेवून ऐकतात. त्यातल्या कालासवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यातला बॅरिटोन जास्त अस्वस्थ करतो. गोब्बीनं तिथे जे केलं, ते इटालियन बॅरिटोनकडून शंभर वर्षांहून अधिक काळ मागितलं जात होतं. ते तबकडीवर उतरायला तंत्राला तेवढा वेळ लागला.

पुरुषी आवाजात टेनर सर्वांत वरचा, बास सर्वांत खालचा आणि बॅरिटोन या दोघांच्या मधला. एकोणिसाव्या शतकातला इटालियन संगीतकार व्हेर्दी, त्यानं या मधल्या आवाजाला वर चढवलं, आणि त्याच्यावर नाटकाचा भार टाकला. प्रेमिकाचं गाणं टेनरकडे राहिलं. अपराधी राजा, कुबडा विदूषक, मुलीवर जीव टाकणारा बाप, मत्सरानं जळणारा कारस्थानी, ही सगळी माणसं बॅरिटोनच्या वाट्याला आली. 1847 साली फ्लॉरेन्समध्ये ‘मॅकबेथ’ होणार होता. नायकाच्या भूमिकेतल्या फेलिचे व्हारेसीला व्हेर्दीनं तालमींआधी पत्रं लिहिली. त्यांचा सांगावा असा, की आधी शब्द आणि प्रसंग नीट समजून घे, संगीत मग आपोआप येईल. संगीतकाराची सेवा थोडी कमी झाली तरी चालेल, कवीची जास्त कर. एका संगीतकारानं गायकाला असं सांगावं, हे आजही वाचताना थबकायला होतं. याच व्हारेसीनं 1851 साली व्हेनिसला पहिला रिगोलेत्तो उभा केला.

पुढच्या पिढीत हा वारसा व्हिक्टर मोरेल या फ्रेंच बॅरिटोनकडे गेला. 1881 चा सुधारित ‘सिमोन बोक्कानेग्रा’, 1887 च्या ‘ओतेल्लो’मधला इआगो आणि 1893 चा ‘फाल्स्टाफ’, व्हेर्दीच्या उत्तरायुष्यातल्या या तिन्ही भूमिका ला स्कालात त्यानंच पहिल्यांदा गायल्या. मोरेल नट म्हणून असामान्य होता. नशिबानं तो ध्वनिमुद्रणाच्या काळापर्यंत टिकला. ‘फाल्स्टाफ’मधलं ‘क्वांद’एरो पाज्जो’ हे अर्ध्या मिनिटाचं छोटं गाणं त्यानं 1907 साली मुद्रित केलं. खोलीत जमवलेली मंडळी टाळ्या वाजवून पुन्हा गा म्हणतात, तो पुन्हा गातो, आणि तिसऱ्या वेळी फ्रेंचमध्ये गातो. आवाज तोवर झिजलेला होता. तरी शब्दांवरची त्याची चपळ, खट्याळ पकड कर्ण्यातूनही कळते. मात्र एवढंच कळतं.

अडचण त्या कर्ण्याचीच होती. 1925 पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यासमोर उभा राहून पूर्ण ताकदीनं गायचा, आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच मेणावर खाच कोरली जायची. हळू बोललेला शब्द, दाबलेला हुंदका, दातांत धरलेली शिवी यातलं काहीच त्या सुईपर्यंत पोचत नसे. साहजिकच या काळात तबकडीवर मोठे झालेले बॅरिटोन म्हणजे तित्ता रुफ्फो, मात्तिआ बात्तिस्तिनी असे भरदार आणि घडीव आवाजांचे धनी. ते ऐकायला आजही अपूर्व वाटतात. (एप्रिल 1902 मध्ये मिलानच्या हॉटेलात टेनर कारुसोला मुद्रित करणारा फ्रेड गायसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. आपल्याकडच्या कित्येक गवयांची गाणीही मग याच कर्ण्यात आणि याच दोन-चार मिनिटांच्या चौकटीत बसवली गेली.)

1925 नंतर मायक्रोफोन आला, पण तबकडीची एक बाजू साडेचार मिनिटांच्या आसपासच संपायची. सबंध ऑपेरा असा तुकड्या-तुकड्यांनी मुद्रित होई. प्रत्येक तुकडा सलग गायचा, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत स्टुडिओत शिरली आणि 1948 साली लाँग प्ले तबकडी बाजारात आली, तेव्हा कुठे हे बदललं. आता प्रवेश सलग गाता येऊ लागला. आणि एकच ओळ वीसदा गाऊन त्यातली सर्वांत खरी ठेवताही येऊ लागली.

तीतो गोब्बीचा जन्म 24 ऑक्टोबर 1913 चा, व्हेनेतो प्रांतातल्या बासानो देल ग्राप्पाचा. पादुआला कायदा शिकता शिकता तो गाण्याकडे वळला आणि रोमला जुलिओ क्रिमी या टेनरकडे शिकू लागला. 14 डिसेंबर 1918 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पुच्चिनीच्या तीन एकांकिकांचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ‘इल ताबार्रो’ आणि ‘जानी स्किक्की’ या दोहोंतला टेनर हाच क्रिमी होता. म्हणजे गोब्बीचा गुरू पुच्चिनीच्या दारातला माणूस. 1935 साली गुब्बिओ या छोट्या गावात गोब्बीनं रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं, तेही बासच्या भूमिकेत.

दोन गोष्टींनी त्याला इतरांपेक्षा वेगळं घडवलं, असं मला वाटतं. पहिली म्हणजे 1942 साली रोममध्ये ऑस्ट्रियन संगीतकार आल्बान बेर्गच्या ‘व्होत्सेक’ या ऑपेराचा इटलीतला पहिला प्रयोग. बेर्गचं संगीत जर्मनीत नाझींनी बाद ठरवलेलं, आणि इटली त्यांच्याच गोटात. तरीही संचालक तुलिओ सेराफिननं हा प्रयोग उभा केला आणि नायक गोब्बीला दिला. गाणं आणि बोलणं यांच्या सीमेवर चालणारी ही भूमिका त्यानं ऐन उमेदीत केली. दुसरी गोष्ट सिनेमा. चाळीसच्या दशकात त्यानं पुष्कळ चित्रपट केले. 1948 च्या ‘पाल्याच्ची’ चित्रपटात तर तोनिओ आणि सिल्व्हिओ या दोन्ही भूमिका त्याच्याच होत्या, आणि नायिका जीना लोल्लोब्रिजिदा. मायक्रोफोन जवळ असला की आवाज मोठा करावा लागत नाही, शब्द नेमका लागावा लागतो, हे तो तिथे शिकला असणार.

त्याचा आवाज सर्वांत सुंदर नव्हता. तारसप्तकाकडे जाताना तो आवळतो, कधी रुक्ष होतो; निव्वळ नादासाठी एत्तोरे बास्तियानीनी हा बॅरिटोन ऐकावा. गोब्बीकडे होत्या असंख्य छटा, आणि कुठल्या अक्षरावर कुठली छटा टाकायची याची भीती वाटावी इतकी अचूक जाण.

त्याला ध्वनिमुद्रणाचा निर्माता मिळाला तोही असाच हट्टी, वॉल्टर लेग. ‘तोस्का’च्या त्या बैठकींबद्दल लेगनं लिहून ठेवलं आहे, की पहिल्या अंकातला स्कार्पियाचा सगळा भाग दे साबातानं गोब्बीकडून तीसदा गाऊन घेतला, एकेका अक्षराचा उच्चार घडवत. कित्येक मैल फीत खर्ची पडली. शेवटी त्यातून निवड करण्याचं काम दे साबातानं विश्वासानं लेगवर सोपवलं. त्यानंतर लगेचच दे साबाताला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचं ऑपेरा-संचालन जवळपास थांबलं. संपूर्ण ऑपेराचं स्टुडिओत केलेलं हे त्याचं एकमेव ध्वनिमुद्रण.

पहिल्या अंकाचा शेवट ऐका. सांत’आंद्रेआ चर्चमध्ये घंटा वाजताहेत, तोफा उडताहेत, समूह ‘ते देउम’ ही स्तुती गातोय, आणि स्कार्पिया मनाशी बेत रचतोय. एकाला फाशी द्यायची, दुसरीला मिठीत घ्यायचं. बहुतेक गायक इथे वाद्यवृंदाशी झुंजतात. गोब्बी जवळजवळ कुजबुजत सुरुवात करतो. दुसऱ्या अंकात, फार्नेझे वाड्यातल्या जेवणाच्या टेबलाशी, त्याची सभ्यता त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त घाबरवते. गालिचावरून चालत येणारा हा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि समोर फक्त स्पीकर असतो.

पुढच्या पाच-सहा वर्षांत या मंडळींनी झपाट्यानं काम केलं. 1955 साली ला स्कालात सेराफिनच्या हाताखाली ‘रिगोलेत्तो’ झाला, पुन्हा कालास आणि दि स्तेफानोसोबत. 1956 साली लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये कारायानच्या संचालनात ‘फाल्स्टाफ’, आणि 1957 साली तिथेच आल्चेओ गाल्लिएराच्या संचालनात रोसिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’. लंडनच्या या दोन्ही ध्वनिमुद्रणांत वाजतो तो फिलहार्मोनिया वाद्यवृंद, लेगनं 1945 साली उभा केलेला. सुरुवातीच्या काळात या संस्थेला पैशाचा आधार दिला तो म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी. ते स्वतः उत्तम पियानो वाजवत. मेटनर या रशियन संगीतकाराच्या रचना मुद्रित व्हाव्यात म्हणूनही त्यांनी पैसा दिला. कारायानच्या ‘फाल्स्टाफ’ची पायाभरणी थोडीशी म्हैसूरमध्ये झाली आहे, आणि हे आपल्याकडे अधिक लोकांना माहीत असायला हवं.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो 1957 सालचा ‘सिमोन बोक्कानेग्रा’. संचालक गाब्रिएले सांतिनी, वाद्यवृंद रोम ऑपेराचा. हा ऑपेरा 1857 साली व्हेनिसला पडला होता. चोवीस वर्षांनी व्हेर्दीनं कवी आर्रिगो बोइतोला हाताशी धरून तो पुन्हा लिहिला आणि त्यात राज्यसभेचा प्रवेश घातला. चौदाव्या शतकातलं जेनोआ, रस्त्यावर दंगल पेटलेली, आणि एकेकाळी समुद्रावर चाचेगिरी केलेला राज्यप्रमुख सिमोन उमराव आणि सामान्य या दोघांनाही ‘तुम्ही भाऊ आहात’ म्हणून खडसावतो. गोब्बीच्या तोंडी त्या ओळी आधी गर्जना करतात, मग रडतात. त्याआधी हरवलेली मुलगी पंचवीस वर्षांनी सापडते, तेव्हा ती निघून गेल्यावर तो एकच शब्द गातो, ‘फिल्या’, म्हणजे ‘पोरी’. वरच्या स्वरावर, अगदी हळू. त्याच्या आवाजाची सर्वांत नाजूक जागा हीच, आणि तिथेच त्यानं सर्वस्व ओतलं.

सिमोनचा हाडवैरी फिएस्को इथे गातो बल्गेरियन बास बोरिस क्रिस्तॉफ. गोब्बी आणि क्रिस्तॉफ साडू होते. संगीतसमीक्षक राफ्फाएल्लो दे रेन्सिस यांच्या दोन मुली, तिल्दे आणि फ्रांका, यांच्या घरात आल्या होत्या. शेवटच्या अंकात हे दोन म्हातारे वैरी एकमेकांना ओळखून रडतात, तो प्रसंग इतका ताणलेला आणि इतका मायेचा दुसऱ्या कुठल्याही ध्वनिमुद्रणात मला सापडलेला नाही. मुद्रण मोनो आहे, समूहगानाचा आवाज दबलेला येतो, हे मान्य. 1965 साली गोब्बी दिग्दर्शनाकडे वळला, तेव्हाही त्यानं पहिल्यांदा हाच ऑपेरा घेतला.

कालासबरोबर ‘तोस्का’ पुन्हा झाला, 1964 च्या अखेरीस पॅरिसला, स्टीरिओत. तोवर दोघांचेही आवाज थकले होते. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या दुसऱ्या अंकाचं चित्रण टीव्हीवर दाखवलं गेलं, आणि ते सुदैवानं उरलं आहे. 1953 च्या तबकडीवर कानांनी पाहिलेला स्कार्पिया तिथे डोळ्यांनी पाहता येतो. 5 जुलै 1965 ला याच रंगमंचावर कालासनं आयुष्यातला शेवटचा ऑपेरा गायला. तोही ‘तोस्का’च होता, आणि समोर गोब्बीच होता. 11 मार्च 1984 ला रोममध्ये गोब्बीचं निधन झालं.

युरोपात त्या वेळच्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क पन्नास वर्षांचा होता. त्यामुळे 2004 पासून 1953 चा ‘तोस्का’ इतर कंपन्यांनीही जुन्या तबकड्यांवरून स्वच्छ करून काढला. मूळ फितींवरून नव्यानं केलेली आवृत्ती 2014 साली आली, आणि तीत ‘ते देउम’मधल्या घंटा जास्त मोकळ्या ऐकू येतात. नव्या श्रोत्यानं मात्र ‘जानी स्किक्की’पासून सुरुवात करावी. 1958 साली रोमला स्टीरिओत मुद्रित झालेला, तासाभरात संपणारा, आणि क्रिमीच्या या शिष्यानं मेलेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढून साऱ्या नातेवाइकांना गंडवण्याचा भाग इतका मजेशीर केला आहे, की इटालियन न येणारालाही तो कळतो.