वजन उतरलं, पण कशाचं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं की घरात पहिला बळी जातो तो भाताचा. वजन उतरवणं हा उपाय खराच. ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूजही ओसरू लागते. पण उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाटा सांगत नाही.

जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते रोडावले की इन्सुलिनची पातळी चढते आणि उरलेल्या साखरेची यकृत चरबी करत बसतं. आपल्याकडे ही गोष्ट बारीक माणसांतही दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. दोघांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता.

स्नायूंचा अंदाज घरीच घेता येतो. हात नसलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. २०१९च्या आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद किंवा चपळाई कमी आहे. लोक इथे नकळत फसवतात: मांडीवर हात टेकतात, गुडघे अर्धेच सरळ करतात. सोफ्यावर तर ही चाचणी करूच नये. गुडघेदुखी असेल तर आकडा स्नायूंचा नव्हे, गुडघ्याचा येतो. मग पकडीचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर हाताची पकड मोजावी. पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली ती कमी धरतात. पोटरीच्या घेरावरूनही अंदाज बांधतात, पण पायाला सूज असेल तर तो फसवा.

भूक मारून वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाला ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेत सूज आणि मध्यम ते तीव्र व्रण (फायब्रोसिस) असलेल्या फॅटी लिव्हरसाठी मंजुरी मिळाली. औषध चांगलं आहे, पण त्याच्या ‘स्टेप १’ चाचणीत ज्यांचं डेक्सा स्कॅन (चरबी आणि बाकीचं वजन वेगळं मोजणारी तपासणी) झालं, त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीचा नव्हता. त्यात पाणीही मोजलं जातं, म्हणजे तेवढा सगळा स्नायूच गेला असं नाही. तरी भूक मेल्यावर ताटातून आधी प्रथिनं गळतात.

साठीनंतर वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून ५ मिळतात, अंड्यातून ६, घट्ट वरणाच्या वाटीतून ६-७. नुसत्या वरण-भाकरीवर हिशेब जुळत नाही. दही, पनीर, सोयाबीन किंवा मासळी हवीच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. सोबत आठवड्यातून दोनदा वजन किंवा रबरी पट्टा घेऊन व्यायाम. नुसत्या चालण्याने यकृत सुधारतं, पण मांड्या भरत नाहीत.

सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्यापर्यंत गेलेल्यांनी रात्री उपाशी झोपू नये. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे पहाटेपर्यंत शरीर स्नायू तोडून साखर बनवू लागतं. झोपण्यापूर्वी दूध-पोळी खाल्ली तरी ही तूट बरीच भरून निघते.