पट्ट्यांची होडी आणि कोकणची दमट हवा

घरच्या पडवीत लाकडी पट्ट्यांची कॅनो, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, बांधायची म्हटली की जो तो विचारतो, खाडीत गळणार नाही ना? खाडीचे पाणी थोपवणे तुलनेने सोपे आहे. कोकणात खरी कसोटी लागते ती हवेतल्या पाण्याशी. बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत कुठेही ही होडी बांधा, लाकूड कधी चिरायचे, कधी चिकटवायचे, त्यावर काचेच्या तंतूंचे कापड कधी चढवायचे, हे सगळे हवेतला दमटपणा ठरवतो.

आपल्या पारंपरिक होडीला वांक, म्हणजे आतून आधार देणाऱ्या वाकड्या लाकडी फासळ्या, आणि जाड फळ्या असतात. पट्ट्यांच्या कॅनोत कायमचे वांक नसतातच. प्लायचे साचे साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर एका सरळ तुळईवर उभे करायचे, त्यांवर ६ मिलिमीटर जाड आणि १९-२० मिलिमीटर रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचे आणि शेवटी साचे काढून टाकायचे. कॅनडात पीटरबरोच्या परिसरात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात साच्यावर अरुंद पट्ट्यांच्या कॅनो बांधल्या जाऊ लागल्या. काचेचे कापड आणि इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर कडक होणारी राळ, ही जोड त्यानंतर बऱ्याच काळाने मिळाली.

पट्टी इतकी पातळ का? लाकडाचा वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २४ मिलिमीटरची फळी ६ मिलिमीटरच्या तेवढ्याच रुंद पट्टीपेक्षा ६४ पट ताठ असते. म्हणून फळी शेकून वाकवावी लागते, पट्टी हाताने वळते. किंमत मोजावी लागते ती भुशात: करवतीची चीर ३ मिलिमीटरची असेल तर एकतृतीयांश लाकूड भुसा होऊन जाते. पाच मीटर लांबीची सलग पट्टी मिळणे कठीण, पण त्यात अडचण काही नाही. जाडीच्या आठपट लांबीचा, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटरचा तिरका सांधा पुरतो.

परदेशात यासाठी सीडर हे हलके लाकूड वापरतात, त्याची घनता घनमीटरला ३८० किलोच्या आसपास. आपला साग ६५० च्या घरात. पाच मीटरच्या होडीचा पृष्ठभाग सुमारे ६ चौरस मीटर धरला तर नुसत्या लाकडातच ९-१० किलोंचा फरक पडतो, आणि ओहोटीच्या चिखलातून होडी उचलून आणताना तो खांद्याला कळतो. मला शिवण या झाडाचे लाकूड जास्त पटते. सागापेक्षा हलके, आकार फारसा न बदलणारे आणि कोकणात मिळणारे. सागच घेतलात तर त्याच्या अंगचे तेल चिकटण्याच्या आड येते. डिंक लावण्याच्या अगदी आधी कडा घासून ॲसिटोनने पुसाव्यात.

आता मूळ मुद्दा. लाकूड हवेतून सतत पाणी घेते आणि परत देते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावली तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी उरते. ९० टक्के आर्द्रतेला ते २० टक्क्यांपर्यंत जाते. आषाढात मांगरात (शेतावरच्या खोपटात) ठेवलेली फळी आणि पौषातली तीच फळी यांत हा आठ टक्क्यांचा फरक पडतो. लांबीत तो जवळजवळ जाणवत नाही, रुंदीत मात्र जाणवतो, आणि तोही दिशेप्रमाणे. वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेत लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत आकसते. सागाचे गणित मांडले तर होडीच्या एका बाजूच्या ६० सेंटिमीटर रुंदीत हा फरक एका दिशेने सुमारे ९ मिलिमीटर, तर दुसऱ्या दिशेने ४ मिलिमीटर येतो. पावसाळ्यात जोडलेली होडी डिसेंबरात का तडकते, ते इथे दिसते.

यावर एक सुंदर उपाय सॉमिलवरच आहे. टोकाकडून पाहिल्यावर वाढीच्या रेषा रुंदीला समांतर, आडव्या दिसतात अशी २० मिलिमीटर जाडीची फळी निवडा. तिच्या उभ्या पट्ट्या काढल्या की फळीची जाडी पट्टीची रुंदी होते आणि कमी आकसणारी दिशा आपोआप होडीच्या पृष्ठभागात येते. एरवी स्वस्तात जाणारी ही फळी इथे सर्वांत गुणाची ठरते.

लाकूड तयार झाले का, हे कळायला मीटर लागत नाही. एक तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज तोलायचा. मग तो १०० अंशांच्या थोड्या वरच्या तापमानाला ओव्हनमध्ये वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवायचा. ११५ ग्रॅमचा १०० झाला, तर पाणी १५ टक्के होते. बारा-तेरापर्यंत उतरल्याशिवाय जोडणीला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

जोडलेल्या, रंधून घासलेल्या होडीवर आतून आणि बाहेरून चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे काचेचे कापड इपॉक्सीने बसवतात. पांढरे कापड ओले होताच नाहीसे होते, कारण काच आणि इपॉक्सी यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) जवळजवळ सारखा. प्रकाशाला मधली सीमाच सापडत नाही. ताकदीचे काम मात्र ते चोख करते. बाहेरून दगड लागला की ताण येतो तो आतल्या कापडावर. खर्च वाचवायला आतला थर गाळणारे नेमकी हीच बाजू उघडी ठेवतात.

कापड चढवायची वेळ हा सगळ्यांत नाजूक भाग. सकाळी ऊन चढताना लाकडाच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे उठतात. तापमान उतरू लागले की लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेते, म्हणून दुपार कलल्यावरच सुरुवात करावी. पण आपल्याकडे थंडीत रात्री दव पडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाशी अभिक्रिया करून वर मेणचट थर आणतात आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. तो नुसता घासला तर पसरतो. आधी पाण्याने धुवावा, मगच घासावे. साडेतीन-चारला बंदिस्त मांगरात काम सुरू करून दव पडायच्या आत इपॉक्सी आळू द्यावी. मिश्रण उंच डब्यात ठेवू नये, पसरट ताटात ओतावे. घट्ट होताना इपॉक्सी उष्णता सोडते, डब्यात ती कोंडते आणि मिश्रण बघता बघता धुरकटून वाया जाते.

उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी आणि ठिसूळ होते, तेव्हा वर अतिनीलरोधक वॉर्निश हवेच.

इतके करूनही पाणी शिरते ते बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकांतून. बैठक बसवताना लाकडात थेट स्क्रू मारू नये. आधी मोठे भोक पाडून ते इपॉक्सीने भरावे, ती पूर्ण कडक झाली की तिच्या मध्यात बारीक भोक पाडून स्क्रू फिरवावा. मग स्क्रूच्या भोवती इपॉक्सीच राहते, उघडे लाकूड पाण्याला सापडत नाही.