वर्षाअखेरच्या ‘सर्वाधिक सर्च’ याद्या : पार्श्वभूमी

डिसेंबर उजाडला की ‘यंदा भारतीयांनी गुगलवर सर्वाधिक काय शोधलं’ या मथळ्याच्या बातम्या सुरू होतात. मुळात गुगलची ही यादी ‘सर्वाधिक’ची नसतेच. आदल्या वर्षाच्या तुलनेत ज्या शोधांनी मोठी उसळी घेतली आणि काही काळ ती टिकवली, त्यांची ती यादी असते. निव्वळ संख्येवर क्रम लावला तर फेसबुक, यूट्यूब, हवामान हेच शब्द वर्षानुवर्षं वर बसतील आणि अशी यादी कोणी छापणार नाही.

उसळी मोजण्याची पद्धत जुनी आहे. २००१च्या अखेरीस जी वार्षिक यादी निघाली, तिच्यात वाढलेल्या शोधांत पहिला क्रमांक नॉस्ट्राडेमस या जुन्या फ्रेंच भविष्यवेत्त्याचा होता. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर लोकांनी बातमीइतकंच भाकीतही धुंडाळलं. तेव्हा या प्रकाराकडे गंमत म्हणूनच पाहिलं गेलं. मे २००६मध्ये शोधांचा चढउतार दाखवणारं गुगलचं ‘ट्रेंड्स’ हे साधन सर्वांसाठी खुलं झालं आणि पत्रकार, संशोधक, राजकीय पक्ष सगळेच त्यावरून जनमानसाचे निष्कर्ष काढू लागले. फ्लूची साथ शोधांवरून ओळखण्याचा प्रयोग २००८मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाला. २०१२-१३च्या हिवाळ्यात त्याचे अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीच्या आसपास गेले आणि २०१५मध्ये तो गुंडाळला गेला.

खरा वाद आहे तो प्रत्यक्ष संख्या न देण्याच्या निर्णयाचा. ट्रेंड्समध्ये ० ते १०० असा निर्देशांक मिळतो. निवडलेल्या काळातला शिखरबिंदू म्हणजे १००. तो शोध दहा हजारांनी केला की दहा लाखांनी, हे त्यावरून कळत नाही. यामागचं कारण म्हणून गोपनीयता पुढे केली जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. ऑगस्ट २००६मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीने साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी म्हणून खुले केले. नावांऐवजी क्रमांक होते, तरी पत्रकार काही दिवसांतच त्यातल्या एका वृद्ध महिलेच्या दारात पोहोचले. पण तिथे प्रत्येकाचे शोध एकाखाली एक लावलेले होते. एखादा शब्द राज्यभरात एकूण किती वेळा शोधला गेला, एवढ्या बेरजेवरून कोणाचं दार सापडणार? शिवाय जाहिरातदारांसाठीच्या गुगलच्याच साधनात शब्दागणिक मासिक शोधांचे अंदाज मिळतातच. कमी खर्च करणाऱ्यांना २०१६पासून ढोबळ पल्ले दिसतात, जास्त खर्च करणाऱ्यांना बारकावे. म्हणजे आकडा झाकलेला आहे तो मुख्यतः वाचकापासून.

याचा परिणाम २०१६मध्ये आपल्याकडे दोनदा दिसला. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या बॅडमिंटनमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या खेळाडूची जात शोधली जात असल्याची बातमी देशभर गाजली. आंध्र प्रदेश आणि तेलंगण नकाशावर गडद दिसत होते. संताप झाला, तो रास्तच होता. पण ते गडद रंग त्या प्रदेशातल्या एकूण शोधांमधलं प्रमाण सांगत होते. जात शोधणारे किती आणि बातमी वाचून कुतूहलाने तेच शब्द टाइप करणारे किती, हे त्यातून वेगळं काढता येत नव्हतं. आकडेच नाहीत म्हणून ‘असं काही घडलंच नाही’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद तर त्याहून लंगडा. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी जाहीर झाल्यावर काळ्याचा पांढरा पैसा कसा करायचा, या शोधाची राज्यवार क्रमवारी झळकली. गुजरात पहिला होता आणि महाराष्ट्रही वरच्या राज्यांत होता. त्यावरून लगेच राज्यांच्या प्रामाणिकपणाच्या गप्पा रंगल्या. व्यापारउदीम जिथे मोठा, तिथे हा प्रश्न अधिक विचारला जाणार, आणि विनोद म्हणून विचारणारेही असणार, हा साधा विचार मागे पडला.

करोनाकाळात याद्यांना पहिल्यांदाच खरं वजन आलं. २०२०च्या भारतीय यादीत आयपीएल पहिली आणि करोना दुसरा, याची बरीच थट्टा झाली. आयपीएल दरवर्षीच असते, मग तिची उसळी करोनापेक्षा मोठी कशी ठरली? निकष एका वाक्यात सांगितलेला असतो, गणित मात्र मांडलेलं नसतं.

माझ्या मते मुख्य यादीपेक्षा ‘जवळपास’ (‘नीअर मी’) आणि ‘कसं करायचं’ (‘हाऊ टू’) या उपयाद्या पाहाव्यात. २०२०च्या ‘जवळपास’मध्ये अन्नछत्र, रात्रनिवारा आणि दारूचं दुकान एकाच यादीत आहेत. त्याच वर्षी ‘कसं करायचं’मध्ये पनीर पहिलं होतं. २०२१मध्ये ‘जवळपास’ काय शोधलं, तर लस, चाचणी, ऑक्सिजन सिलिंडर, कोविड रुग्णालय. घरच्या घरी ऑक्सिजन कसा बनवायचा, हाही प्रश्न त्या वर्षीच्या यादीत आहे. एप्रिल-मे आठवणाऱ्याला त्यासाठी निर्देशांक लागत नाही.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. ट्रेंड्समध्ये शब्द टाकला तर लिपी आणि स्पेलिंग बदललं की तो वेगळा शोध धरला जातो. सातबारा कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमनमध्ये, कोणी नुसते आकडे आणि तिरकी रेघ. लाडकी बहीण योजनेतल्या ‘बहीण’चीही रोमनमध्ये अनेक रूपं होतात. शब्दाऐवजी ट्रेंड्समधला ‘विषय’ हा पर्याय निवडून शोधलं तर ही रूपं एकत्र होऊ शकतात, पण प्रत्येक मराठी गोष्टीसाठी तसा विषय सापडतोच असं नाही. ‘मराठी माणूस काय शोधतो’ या बातम्या बहुधा यातल्या एकाच रूपावर बेतलेल्या असतात.

गंमत अशी, की रोजच्या चर्चेतल्या शोधांपुढे ‘२ लाख+’ असे ढोबळ आकडे हीच कंपनी छापते. तेवढी ढोबळ संख्यासुद्धा वार्षिक यादीत दिली जात नाही.