गप्प बसणं आणि ऐकून घेणं

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा फोन आला होता. नोकरी सोडावी की टिकून राहावं, या कात्रीत ती सापडली होती. वीसेक मिनिटं ती बोलत होती आणि मी तिला एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी ती म्हणाली, "दादा, तू आहेस ना फोनवर?"

मी होतो. तिचं सगळं बोलणं कानावर पडलं होतं. विचारलं असतं तर क्रमाने सांगूही शकलो असतो. पण पलीकडे कोणी आहे असं त्या वीस मिनिटांत तिला एकदाही जाणवलं नव्हतं. "बरं, बघते मी," म्हणून तिने फोन ठेवला. पुढे तोच विषय तिने एका मैत्रिणीजवळ काढला आणि तिच्याशी बोलता बोलताच तिचा निर्णय झाला. ते कळलं तेव्हा मला फार लागलं. 'मी कोणाला तोडत नाही' म्हणजेच 'मी नीट ऐकतो', असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तोंड बंद, नजर समोर, अधूनमधून मान हलते. 'कमी बोला, जास्त ऐका' हा सल्ला घेणारे बहुतेक जण पहिल्या अर्ध्यावरच थांबतात, कारण तेवढं करता येतं आणि केल्याचं दिसतंही. फरक ओळखायचा तर ऐकणाऱ्याकडे बघून कळत नाही, बोलणाऱ्याकडे बघावं लागतं. समोरचा नुसता गप्प असेल तर माणूस ठरवून आलेलं तेवढं बोलतो आणि उठतो. समोरचा ऐकून घेत असेल तर बोलणं वाटेत बदलतं. तो आपलंच वाक्य दुरुस्त करतो, विसरलेलं काही त्याला आठवतं, 'खरं सांगू का' म्हणत तो भलत्याच ठिकाणी पोचतो आणि मूळ दुखणं बहुधा तिथेच असतं.

हुंकाराचं काम

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बावेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. या विषयात मला त्याच्याइतकं बोलकं दुसरं काही वाटत नाही. काही जणांना, आपण थोडक्यात बचावलो असा एखादा प्रसंग सांगायला सांगितलं होतं. प्रत्येकासमोर एक श्रोता. त्यातल्या काही श्रोत्यांना गुपचूप एक काम दिलेलं होतं: बोलणाऱ्याच्या तोंडून इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होणारे किती शब्द येतात ते मोजायचे. म्हणजे हे श्रोते शब्द न् शब्द कान देऊन ऐकत होते आणि मध्ये तोंडही घालत नव्हते. तरीही समोरच्याची गोष्ट बिघडली. सगळ्यात जास्त बिघडली ती शेवटाला, जिथे थरार यायला हवा तिथे. कोणी एकदम आवरतं घेतलं, कोणी तेच तेच घोळवत राहिलं, तर कोणी 'हे खरंच धोक्याचं होतं' असं पटवून द्यायला लागलं.

असं का झालं? गोष्ट सांगताना आपण समोरून हुंकाराची वाट बघत असतो आणि हे हुंकार दोन प्रकारचे असतात. एक 'हं', 'अच्छा', मान डोलावणं. हा कुठेही बसतो, न ऐकताही देता येतो. दुसरा प्रकार त्या एकाच जागी बसणारा: गाडी घसरली म्हटल्यावर चेहऱ्यावर उमटणारी भीती, 'अरे, मग ब्रेक लागले का?' असा तोंडून निघून गेलेला प्रश्न. शब्द मोजणाऱ्यांकडून हा दुसरा हुंकार जवळजवळ नाहीसाच झाला होता, आणि त्याच्यावाचून सांगणाऱ्याचे पाय अडखळले. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर इंग्वे यांनी १९७० मध्ये अशा प्रतिसादांना 'बॅकचॅनल' हे नाव दिलं. आपल्याकडे नाव शोधायची गरजच नव्हती. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार भरायचा असतो, हे लहान मुलालाही माहीत असतं.

माझ्या बहिणीला त्या दिवशी मिळालं नाही ते हेच. फोनवर तर चेहराही दिसत नाही, तिथे नुसती शांतता म्हणजे भिंत.

मग गप्प बसायचंच नाही का?

बसायचं, पण त्याची जागा वेगळी आहे.

दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढंच अंतर पडतं, असं त्यात दिसलं. जपानीत ते सगळ्यात कमी आणि डॅनिशमध्ये सगळ्यात जास्त, पण तिथेही ते अर्ध्या सेकंदाच्या आतच. आता एखादा साधा शब्द मनात जुळवून उच्चारायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. याचा अर्थ सरळ आहे. समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार व्हायला लागलेलं असतं.

म्हणून 'समोरचा बोलताना उत्तराचा विचार करू नका' हा सल्ला मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ते थांबवणं आपल्या हातात नसतं. हातात असतं ते एवढंच की तयार झालेलं उत्तर लगेच बाहेर काढायचं नाही. समोरचा थांबला की दोन-तीन सेकंद जाऊ द्यायचे. गप्प बसण्याची खरी जागा ही आहे: त्याचं बोलणं चालू असताना दगडासारखं राहणं नव्हे, त्याचं वाक्य संपल्यावर थोडं थांबणं. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत. तेच तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. घरात, कचेरीत करून पाहा. तीन सेकंद फार लांब वाटतात, आणि पुष्कळदा कामाचं वाक्य त्याच वेळात येतं.

थांबलो तर समोरचा बोलतच सुटेल, ही भीती मी खूप जणांकडून ऐकली आहे, विशेषतः ज्यांच्या दाराशी माणसांची रांग असते त्यांच्याकडून. डॉक्टरांच्या बाबतीत हे मोजलं गेलंय. १९८४च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी अठराव्या सेकंदाला तोडत होते. १९९९ मध्ये तसाच दुसरा अभ्यास झाला तेव्हा तो आकडा तेवीस सेकंदांवर गेला होता. पण त्यातच आणखी एक गोष्ट दिसली: ज्या रुग्णांना आपलं म्हणणं पुरं करू दिलं, त्यांना सरासरी फक्त सहा सेकंद जास्त लागले. पुढे २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी रुग्ण स्वतः थांबेपर्यंत तोडायचं नाही असं ठरवून वेळ मोजली. ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद, आणि जवळपास ७८ टक्के लोक दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. हे डॉक्टर नुसते गप्प बसलेले नव्हते, त्यांनी ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेलं होतं.

कामाच्या ठिकाणी शांततेचा अर्थ

वरच्या पदावरच्या माणसाची शांतता ही कोरी शांतता नसते. खालचा माणूस तिच्यात काहीतरी वाचतोच, आणि बहुतेकदा वाईटच वाचतो. बैठकीत साहेब नुसते ऐकत बसले तर बोलणारा आपली अडचण हळूहळू पातळ करत नेतो. 'मुदतीत होणार नाही' असं सांगायला आलेला माणूस 'थोडं अवघड जाईल' म्हणून जागेवर बसतो. साहेबांना वाटतं, आपण सगळ्यांना बोलू दिलं.

हे किती महाग पडू शकतं ते विमान चालवणाऱ्यांनी सोसलंय. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एक प्रवासी विमान इंधन संपून कोसळलं आणि दहा जण गेले. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांच्या बिघाडात गुंतलेलं होतं. इंधन कमी होत असल्याचं सहकाऱ्यांच्या बोलण्यात येत होतं, पण ते ठासून सांगितलं गेलं नाही आणि कॅप्टनच्या मनापर्यंत पोचलंही नाही. कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं आणि कसं ऐकायचं, याचं वेगळं प्रशिक्षण त्यानंतर उभं राहिलं. विमान नियंत्रकाने दिलेली उंची किंवा धावपट्टी वैमानिकाने परत बोलून दाखवायची असते. नुसतं 'समजलं' चालत नाही.

कचेरीत याचं रूप म्हणजे 'म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की...' हे वाक्य. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये 'सक्रिय श्रवण' ही कल्पना मांडली, तिच्या गाभ्याशी हेच आहे. दुर्दैवाने पुढे प्रशिक्षणवर्गांतून त्याची पोपटपंची झाली. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत करणं हे नंदीबैलासारखी मान डोलावण्याचंच बोलकं रूप आहे, आणि माणसांना ते लगेच कळतं. आपल्या शब्दांत सांगायचं आणि चुकायची तयारी ठेवायची. 'नाही, तसं नाही म्हणायचं मला' असं उत्तर आलं तर काम झालं, कारण यापुढे तो जे सांगेल ते त्याने आधी सांगितलेलं नसतं.

नेतृत्व-प्रशिक्षणाचं काम करणारे जॅक झेंगर आणि जोसेफ फोकमन यांनी २०१६ मध्ये व्यवस्थापकांच्या एका प्रशिक्षणातल्या ३,४९२ जणांची माहिती तपासली. सहकाऱ्यांनी ज्यांना उत्तम श्रोते म्हटलं, ते गप्प बसणारे नव्हते. विचार पुढे नेणारे प्रश्न ते विचारत होते. झेंगर-फोकमन यांनी अशा श्रोत्याला उपमा दिली ती ट्रॅम्पोलिनची: स्पंजासारखं शोषून न घेता समोरच्याच्या विचाराला उंच उसळू देणारा माणूस.

इथे एक उलटा धोकाही आहे. प्रतिसाद द्यायचा म्हणून 'अगं, माझ्याही बाबतीत अगदी असंच झालं होतं' असं म्हणत माणूस सगळं बोलणं स्वतःकडे ओढून नेतो. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ मध्ये अशा दोन प्रतिसादांमधला फरक दाखवला होता. एक विषय आपल्याकडे वळवतो, दुसरा तो समोरच्याकडेच ठेवतो. आपला प्रतिसाद संपला तेव्हा चेंडू कोणाकडे आहे, एवढं बघितलं तरी कळतं.

'ऐकणं' या शब्दाची अडचण

आपल्या भाषेत ऐकणं म्हणजे मानणंही. 'पोरगा ऐकत नाही' म्हणजे त्याचे कान बिघडलेत असं नव्हे. त्यामुळे पुष्कळांच्या मनात खोलवर एक धास्ती असते: मी याचं ऐकून घेतलं तर मला ऐकावं लागेल. मग नकार देववत नाही, होकार द्यायचा नसतो, आणि माणूस मधली वाट म्हणून गप्प बसतो. नवरा-बायकोत, बाप-लेकीत, भागीदारांत मी ही शांतता पाहिली आहे. समोरच्याला ती होकार वाटते, आणि महिन्याभराने 'तेव्हा का नाही बोललास?' असं भांडण उभं राहतं.

यावर मला एकच उपाय माहीत आहे: दोन्ही गोष्टी तोंडाने वेगळ्या करायच्या. 'तुझं पूर्ण ऐकायचंय मला. पटेलच असं नाही, पण आधी ऐकतो.' तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकालाही हे चालतं. पैसे परत मिळणार नाहीत हे त्याला शांतपणे सांगता येतं, फक्त त्याचं म्हणणं आपल्याला नेमकं कळलंय हे त्याला आधी दिसायला हवं.

जवळच्या माणसांत आणखी एक गोम आहे. आपण गप्प राहतो कारण पुढचं वाक्य आपल्याला माहीत असतं, निदान तसं वाटतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ सॅविट्स्की, बोआझ कीसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की जोडीदाराला किंवा मित्राला आपलं बोलणं नीट कळतं, हा लोकांचा विश्वास वस्तुस्थितीपेक्षा बराच जास्त असतो. परक्या माणसाशी बोलताना आपण सावध असतो. घरच्यांशी बोलताना ती सावधगिरी आपण खाली ठेवतो आणि त्यांचं वाक्य मनातल्या मनात स्वतःच पुरं करून टाकतो.

नुसती शांतताच हवी असते अशा वेळाही येतात. कोणी गेलं असेल, माणूस रडत असेल, तेव्हा प्रश्न आणि दुरुस्त्या दोन्ही बाजूला ठेवून शेजारी बसावं. तिथे बोलणारा काही शोधत नसतो.

गेल्या महिन्यात बहिणीचा पुन्हा फोन आला. नव्या कामाचं सांगत होती. "पगार बरा आहे. माणसंही बरी आहेत." ती थांबली, मीही थोडा थांबलो. मग म्हटलं, "दोन्ही वेळा 'बरं' म्हणालीस. चांगलं कशाला म्हणशील?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "थांब, दार लावून येते."