जितकं ऊन तापेल तितकी सोलरची वीज जास्त?

‘वाळवंटात पॅनेल जितकं तापेल तितकी वीज जास्त’, असा समज आहे. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटसारख्या ठिकाणी आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, हिवाळा काढणाऱ्या निवृत्त जोडप्यांचं निम्मं घर सोलरवर चालतं, म्हणून हा हिशोब नीट हवा.

वीज प्रकाशातून बनते, उष्णतेतून नाही. पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. पुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १०० वॅटचे ८६च्या आसपास उरतात.

पडताळा सोपा आहे. पॅनेल सुटं करून सावलीत गार होऊ द्या. उन्हात धरताच मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. सुरुवातीला २२ व्होल्ट असतील तर ते २०च्या आसपास आलेले दिसतील.

म्हणून पॅनेल छताला चिकटवू नका, खालून वारा खेळायला दोन-तीन बोटं जागा ठेवा.

हिवाळ्यात मात्र खरा मार बसतो तो उन्हाच्या कोनामुळे. डिसेंबरात क्वार्ट्झसाइटला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो; आडव्या पॅनेलला निम्म्याहून थोडंच जास्त ऊन मिळतं. दक्षिणेकडे ५०-५५ अंश कलतं केलं की फरक त्याच दिवशी दिसतो. फक्त वारा सुटला की आडवं करा!