शिक्षकाची आत्मप्रतिमा व विद्यार्थ्यांविषयीची धारणा

शहरातील गरीब वस्तीच्या शाळेत शिक्षक स्वतःला कोण समजतो आणि समोरच्या मुलांना काय समजतो, यावर अध्यापनाचे यश बरेचसे ठरते, असे मानणारी शिक्षणशास्त्रातील संकल्पना. शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलांच्या प्रगतीवर परिणाम होतो, असा दावा रोझेन्थाल व जेकबसन या अमेरिकी संशोधकांनी १९६८ मध्ये केला. तो परिणाम नेमका किती, यावर पुढे बराच वाद झाला. विशेष चर्चा झाली ती अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांच्या १९९४-९५ मधील मांडणीची. कॅलिफोर्नियात आफ्रिकी-अमेरिकी मुलांना यशस्वीपणे शिकवणाऱ्या आठ शिक्षिकांचा त्यांनी अभ्यास केला. या शिक्षिकांची निवड करताना पालकांचे मत विचारले होते, ही यातली महत्त्वाची गोष्ट. प्रत्येकीची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती, धारणा मात्र सारख्या होत्या: अध्यापन ही कला आहे, आपण या वस्तीतलेच आहोत, प्रत्येक मूल यशस्वी होऊ शकते आणि ज्ञान मुलाजवळ असतेच, ते बाहेर काढायचे असते.

बेळगाव शहरातील मराठी शाळांना ही मांडणी लावून पाहता प्रश्न प्रथम भाषेचा येतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. माध्यम मराठी, पाठ्यक्रम आणि परीक्षा मंडळ कर्नाटकाचे. २०१५ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने सर्व शाळांत कन्नडही सक्तीचे झाले. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरी भागांतील किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या मुलांच्या कानांवर दोन्ही भाषा पडत असतात. ‘येतोय’ऐवजी बेळगावी बोलीत ‘येऊलालोय’ म्हणणाऱ्या मुलाला कोणी अशुद्ध ठरवतो. कोणी त्याच्याकडून आधी गोष्ट सांगून घेतो, मग प्रमाण मराठीत लिहायला लावतो. बाजारात आजीचे बोलणे कन्नड दुकानदाराला समजावून देणारे मूल या दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकाला मागासलेले वाटत नाही. मागावरचे ताण्याचे (उभे) धागे मोजता येणाऱ्याला गुणाकार तो मागावरूनच शिकवतो.

‘घरी बघणारं कोण नाही, बिचारी पोरं’ हे शिक्षक-खोलीतले वाक्य वरवर मायेचे वाटते. पण तिरस्कारापेक्षा अशी कीवच अधिक नुकसान करते, कारण ती सोपा गृहपाठ देऊन मोकळी होते. उत्तीर्ण झाले की पुरे, हा तिचा हिशेब.

शिक्षक स्वतःला कोण समजतो, हा भाग चर्चेत मागे राहतो. बदलीची वाट पाहणारा नोकर आणि गल्लीतल्या गणेशोत्सवात पालकांशी उभ्या-उभ्या बोलणारे गुरुजी यांचा पगार एकच असू शकतो. मराठी माध्यमात शिकवून स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्याचा आपल्या वर्गावर कितपत विश्वास असतो, हे पालक बरोबर ओळखतात.

सगळा भार शिक्षकाच्या मनोवृत्तीवर टाकल्याने रिक्त जागांसारखे प्रश्न झाकले जातात, हा या संकल्पनेवरचा रास्त आक्षेप. शाळा चालू ठेवायला मानधनावर एका वर्षापुरता नेमलेला अतिथी शिक्षक ‘मी या वस्तीतला’ असे कोणत्या आधारावर म्हणणार, याचे उत्तर त्या मांडणीत मिळत नाही.